तळ्याचे देणे

चेन्नईच्या मांबळम स्थानकाच्या पूर्वेला रंगनाथन स्ट्रीट नावाची एक अरुंद गल्ली आहे. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तिच्यातून जाणाऱ्याला स्वतःच्या पायांवर फारसे विसंबावे लागत नाही. गर्दीच त्याला पलीकडे नेऊन सोडते. पुढे उस्मान रोड, पानगल पार्क, पाँडी बझार, रेशमी साड्यांची आणि सोन्याची मजल्यावर मजले चढवलेली दुकाने. त्यागरायनगरची, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या टी. नगरची, ही परिचित ओळख. रुळांच्या पश्चिमेला वेस्ट मांबळममध्ये मात्र एका रस्त्याचे नाव लेक व्ह्यू रोड असे आहे. तेथून कोणतेही तळे दिसत नाही. उत्तरेला नुंगंबाक्कममध्ये टँक बंड रोड आहे. तेथेही बांध नाही आणि पाणीही नाही. मुंबईच्या वाचकाला याचे नवल वाटू नये. धोबीतलावावर किंवा सी. पी. टँकवर रोज बसमधून उतरणाऱ्यांपैकी पाण्याची आठवण कोणाला होते? माणसांनी बुजवलेल्या गोष्टी भाषा काही काळ सांभाळून ठेवते, एवढेच.

या साऱ्या परिसरात एकेकाळी काही मैल पसरलेला, धनुष्याच्या आकाराचा एक जलाशय होता. इंग्रज त्याला ‘लाँग टँक’ म्हणत. तमिळमध्ये अशा जलाशयाला एरी म्हणतात. उतारावर मातीचा लांबच लांब बांध घालायचा, पावसाचे पाणी अडवायचे, खालच्या शेतांना पुरवायचे आणि उरलेले पुढच्या एरीकडे सोडायचे, अशी ती जुनी रचना. १९२० च्या दशकात हे तळे टप्प्याटप्प्याने आटवण्यात आले आणि त्या जमिनीवर आखीव रस्त्यांची, बागांची वसाहत उभी राहिली. तिला नाव मिळाले सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे. ते जस्टिस पक्षाच्या संस्थापकांपैकी एक आणि मद्रास कॉर्पोरेशनचे पहिले निवडून आलेले बिगरसरकारी अध्यक्ष. १९२० च्या निवडणुकीनंतर इलाख्याचे प्रमुख मंत्रिपद चालून आले असता त्यांनी ते नाकारले होते. वसाहत आकार घेत असतानाच, १९२५ च्या एप्रिलमध्ये, ते वारले. तेथील बागांना आणि रस्त्यांना त्यांच्या सहकाऱ्यांची नावे आहेत: पानगलचे राजे, डॉ. नटेश मुदलियार, मोहम्मद उस्मान. टी. नगरचा नकाशा म्हणजे एका राजकीय पक्षाची हजेरीपुस्तिकाच आहे.

२०१५ च्या डिसेंबरमध्ये अड्यार नदीला पूर आला, शहराचे मोठे भाग पाण्याखाली गेले आणि टी. नगर व वेस्ट मांबळममध्येही पाणी घरांत शिरले. त्या दिवसांत एक वाक्य अनेकांच्या तोंडी होते: पाणी आपल्या जागी परत आले. वाक्य सुंदर आहे आणि म्हणूनच त्याच्याकडे जरा संशयाने पाहिले पाहिजे. पाण्याला जागा असते, हक्क नसतो. हक्क आणि देणे हे माणसांचे व्यवहार आहेत. तेव्हा पाण्याच्या तोंडी घातलेला तो दावा वस्तुतः कोणावर आहे, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. ज्यांनी तळे आटवले ते हयात नाहीत. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांनी ते आटवले नव्हते. शहराची कॉर्पोरेशन तेवढी तेव्हाही होती आणि आजही आहे.

मद्रासची कॉर्पोरेशन १६८८ पासून आहे; भारतातील सर्वांत जुनी नगरसंस्था म्हणून तिचा अभिमानाने उल्लेख होतो. कायद्याच्या दृष्टीने अशी संस्था ही एक व्यक्तीच असते आणि तिचे मुख्य वैशिष्ट्य असे की ती मरत नाही. सभासद येतात, जातात, तिची मालमत्ता आणि तिचे करार पुढे चालू राहतात. परंतु न मरणाऱ्या या व्यक्तीला अंतःकरण असते काय? १६१२ साली इंग्लंडमध्ये सटन्स हॉस्पिटलच्या खटल्यात न्यायमूर्ती एडवर्ड कोक यांनी म्हटले होते की अशा संस्थांना आत्मा नसतो, म्हणून त्यांना बहिष्कृतही करता येत नाही. ते विधान कायदेपंडिताचे होते. त्यातून निघणारी सोय मात्र पुढे सर्वांनीच घेतली. संस्थेला आत्मा नाही म्हणून तिला पश्चात्ताप नाही. माणसांना आत्मा आहे, पण ती बदलून गेली. या दोहोंच्या फटीतून उत्तरदायित्व कोठे निसटते ते कळतही नाही.

ही फट आपल्या परंपरेने फार पूर्वी पाहिली होती. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला रथाचे उदाहरण देतो, ते प्रसिद्ध आहे: चाक म्हणजे रथ नव्हे, आसही नव्हे, मग रथ कोठे आहे? संस्थेबद्दल असेच विचारता येईल. नगरसेवक म्हणजे कॉर्पोरेशन नव्हे, आयुक्तही नव्हे, रिपन बिल्डिंगची पांढरी इमारत तर नव्हेच. पण त्याच ग्रंथातले दुसरे, कमी आठवले जाणारे उदाहरण येथे अधिक उपयोगी आहे. एक माणूस दिवा घेऊन माडीवर जेवायला जातो. दिव्याने छपराचे गवत पेटते, गवताने घर पेटते आणि घराने गाव. गावकऱ्यांनी धरले तेव्हा तो म्हणतो, ज्या ज्योतीच्या उजेडात मी जेवलो ती वेगळी होती आणि गाव जाळणारी आग वेगळी. नागसेन त्याचा युक्तिवाद मान्य करीत नाही. ज्योत तीच नसेल, परंतु आग त्या ज्योतीपासूनच निघाली आहे. जो बौद्ध विचार स्थिर आत्म्याचे अस्तित्व मानीत नाही त्यानेच ही जबाबदारी ठामपणे सांगावी, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आत्मा नाही म्हणून सुटका होत नाही; परंपरा पुरेशी असते.

आता कोणी म्हणेल, या दिव्याच्या गोष्टीत तो माणूस निदान निष्काळजी तरी होता. १९२० च्या दशकातील माणसांवर तोही आरोप कसा करावा? ही हरकत वजनदार आहे. शहर वाढत होते, घरे हवी होती. साचलेले पाणी म्हणजे डास आणि डास म्हणजे हिवताप, हे तेव्हाचे नवे शहाणपण होते आणि ते खोटे नव्हते. मुंबईतली तळी बुजली तीही बरीचशी याच कारणाने. एरीच्या पाण्यावरची शेती त्या भागातून मागे हटत होती. शिवाय हात अनेक होते. इलाख्याचे सरकार होते, १९२० चा नगररचना कायदा होता, त्याखालचे अधिकारी होते, कॉर्पोरेशन होती. इतक्या हातांत वाटल्या गेलेल्या कृतीचा दोष एका नावावर टाकणे अन्यायाचे आहे, आणि ते नाव वसाहतीला दिलेले नाव आहे म्हणून टाकणे तर हास्यास्पद.

पण दोष आणि देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या धर्मशास्त्राला हा भेद चांगला ठाऊक होता. मिताक्षरेच्या परंपरेत पित्याचे ऋण फेडणे हे पुत्राचे कर्तव्य मानले होते. पुत्राने ते कर्ज काढलेले नसे, पैसा कशावर खर्च झाला हे त्याला विचारलेलेही नसे. तरी तो देणेकरी. त्याला अपवाद होता, आणि तो मोठा अर्थपूर्ण आहे. जुगार, मद्य अशा व्यसनांपायी काढलेले अव्यावहारिक ऋण पुत्रावर बंधनकारक नसे. म्हणजे पित्याचे वर्तन निंद्य असेल तर पुत्र सुटे; रीतसर, सद्हेतूने काढलेले कर्ज असेल तर तो बांधला जाई. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यातून हे धार्मिक बंधन नव्या कर्जांपुरते गेले, आणि व्यक्तींच्या बाबतीत ते जाणे योग्यच होते. जन्म ही काही सही नव्हे. परंतु संस्थेला हा न्याय लावताना तो जुना विचार एकदम ताजा होतो. पूर्वसूरींचा हेतू चांगला होता हा युक्तिवाद देणे बुडवण्यासाठी केला जातो. मिताक्षरेच्या तर्काने पाहिले तर देणे लागू होण्याची ती अटच आहे.

वारसा घेण्याची संस्थेची तयारी नसते असे मात्र नाही. १९२० साली, त्यागराय चेट्टींच्याच अध्यक्षतेखाली, मद्रास कॉर्पोरेशनने थाउजंड लाइट्स येथील आपल्या शाळेतल्या मुलांना न्याहारी देण्याचा ठराव केला. खर्चाची मर्यादा होती प्रत्येक मुलामागे दिवसाला एक आणा. सरकारच्या हरकतीमुळे हा उपक्रम काही वर्षांत बंद पडला. तमिळनाडू शासनाने २०२२ च्या सप्टेंबरमध्ये सरकारी प्राथमिक शाळांसाठी न्याहारीची योजना सुरू केली, तेव्हा या शतकापूर्वीच्या ठरावाचे स्मरण आवर्जून करण्यात आले. ते योग्यच झाले. भुकेल्या मुलाला खायला घालण्याचा विचार ज्या सभागृहात प्रथम झाला त्याचे नाव घेतलेच पाहिजे. पण त्याच शहराने त्याच दशकात केलेली दुसरी गोष्ट विसरायची आणि ही आठवायची, असा वारसा कोणत्याही न्यायसभेत टिकणार नाही. घर घ्यायचे आणि घरावरचे गहाण नाकारायचे, असे ते आहे.

मग हे देणे फेडायचे कसे? तळे पुन्हा खोदता येत नाही. पुतळ्यापुढे क्षमा मागून काही होणार नाही. टी. नगरपासून शंभर किलोमीटरांच्या आत उत्तिरमेरूर हे गाव आहे. तेथील मंदिराच्या भिंतींवर दहाव्या शतकातले, पहिल्या परांतक चोळाच्या काळातले शिलालेख आहेत. गावाच्या सभेने वेगवेगळ्या कामांसाठी समित्या कशा निवडाव्यात याचे नियम त्यांत कोरलेले आहेत. नावांच्या पत्रिका मडक्यात घालून त्यांतून निवड करीत. या समित्यांपैकी एक एरीची होती, केवळ तळ्यासाठी. ती सभा आजच्या अर्थाने लोकशाही नव्हती. जमीन, घर आणि वेदाध्ययन यांच्या अटींनी बहुतेक गाव तिच्या बाहेरच राहिले होते, आणि आपल्याकडे प्राचीन लोकशाहीचे गोडवे गाताना हे नेहमी वगळले जाते. परंतु त्या नियमांतला एक नियम विचार करायला लावतो. ज्याने पूर्वी समितीवर काम करून हिशेब दिला नाही तो पुन्हा निवडला जाण्यास अपात्र, आणि त्याचे जवळचे नातेवाईकही अपात्र. तळे राखण्याच्या कामात सर्वांत मोठा अपराध कोणता, तर हिशेब न देणे.

देण्याचे रूप हे असे आहे: हिशेब. तळ्याच्या जागी आता मांबळम कालवा आहे. नुंगंबाक्कमकडून टी. नगर, नंदनम असे वळण घेत तो अड्यारला मिळतो. पूर्वी जे काम विस्तीर्ण जलाशय करीत होता ते या अरुंद कालव्याने करावे अशी अपेक्षा आहे. त्याचा गाळ किती काढला, कोणत्या महिन्यात काढला, काठावरचा राडारोडा कोणी टाकला, कोणत्या इमारतीच्या तळघराला परवानगी होती, या प्रश्नांत कोणतेही तत्त्वज्ञान दिसत नाही. नगरसंस्थेचा कारभार बहुतांशी असाच असतो: निविदा, ठराव, दुरुस्ती, तहकुबी. १९२० च्या दशकातील त्या सद्हेतूचे देणे याच रुक्ष कागदांत फेडले जाते किंवा बुडवले जाते.

आणि येथेच टी. नगरची कथा अवघड होते. ज्या शहराने पहिल्या निवडून आलेल्या अध्यक्षाचे नाव एका वसाहतीला दिले त्याचे निवडून आलेले सभागृह १९७३ च्या डिसेंबरमध्ये, हजेरीपटाच्या गैरव्यवहारानंतर, बरखास्त झाले, ते १९९६ च्या निवडणुकीपर्यंत परत आले नाही. ही जवळजवळ तेवीस वर्षे. टी. नगरच्या बंगल्यांची दुकाने आणि दुकानांच्या बहुमजली इमारती होण्याचा मोठा काळ नेमका याच वर्षांतला. पुढे चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घेण्याचे बंधन घातले. तरीही २०१६ च्या ऑक्टोबरपासून २०२२ च्या फेब्रुवारीपर्यंत चेन्नईला नगरसेवक नव्हते. २०२१ च्या नोव्हेंबरात टी. नगरचे रस्ते दिवसेंदिवस पाण्याखाली राहिले आणि कालव्यात पडलेल्या राड्यारोड्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा प्रभागातल्या माणसाने ज्याचे दार ठोठावावे असा कोणी नव्हता. महाराष्ट्राने यावर बोट दाखवण्याचे कारण नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई महानगरपालिकेची मुदत संपली, त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकच होता.

निवडून आलेले सभागृह अधिक शहाणे असते, असा याचा अर्थ नव्हे. १९७३ चे सभागृह ज्या कारणाने गेले ते कारण काही काल्पनिक नव्हते आणि विशेष अधिकारी कित्येकदा नगरसेवकापेक्षा अधिक कार्यक्षम असतो. फरक कार्यक्षमतेचा नाही. अधिकाऱ्याची बदली होते आणि बदलीबरोबर त्याचा हिशेब मिटतो. त्याच्यानंतर येणारा कोऱ्या पाटीने येतो. निवडून आलेल्या माणसाला पूर्वीच्या सभागृहाच्या खुर्चीत, त्याच्या ठरावांच्या खाली बसावे लागते. तो विसरू शकतो, खोटे बोलू शकतो, पण ‘ते माझ्या वेळचे नव्हे’ असे मतदाराला सांगताना त्याला त्याच गल्लीत उभे राहावे लागते. खुर्ची रिकामी असते तेव्हा संस्था मेलेली नसते, कर वसूल होतच असतात. फक्त तिच्या वतीने ‘होय, हे देणे आमचे’ असे म्हणणारे तोंड तिला उरत नाही.

अर्थात मतदारही निरपराध नाही. तळ्याच्या तळावरचे घर त्याने घेतले, तळघरात वाहन लावले, पावसाळा संपला की कालव्याकडे पाठ फिरवली. त्याने कर्ज काढलेले नसेल. व्याजाचा उपभोग मात्र घेतला आहे. रंगनाथन स्ट्रीटवर साडी घ्यायला आलेला परगावचा ग्राहकही त्यातून पुरता सुटत नाही. पण त्याच्याकडे या प्रभागाचे मत नाही, आणि मत नसलेल्याकडून हिशेब मागणे किंवा त्याला तो देणे, दोन्ही अवघड.

२०२१ नंतर शासनाने तज्ज्ञांची समिती नेमली आणि पर्जन्यजलवाहिन्यांची नवी कामे झाली. २०२३ च्या डिसेंबरात मिचाँग चक्रीवादळ आले तेव्हा शहर पुन्हा पाण्यात गेले. ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरात सुरू होतो. टी. नगर आणि वेस्ट मांबळम यांना रुळांखालून जोडणारा दुराईसामी सबवे मुसळधार पावसात सर्वांआधी भरणाऱ्या ठिकाणांपैकी एक आहे. तो भरला की पोलीस अडथळे लावून वाहतूक वळवतात, पाणी उपसणारे पंप सुरू होतात आणि पश्चिमेची माणसे पूर्वेला जाण्यासाठी छत्र्या सावरीत पुलाच्या पायऱ्या चढू लागतात.