बाटलीतल्या माश्या आणि अकोल्याची हद्द

अकोल्यात कुणाच्या घरी फोन केला आणि पलीकडून ‘ठेव आता, नळ आले’ असे ऐकू आले, तर रागवायचे नसते. महान गावच्या धरणातले पाणी ज्या दिवशी पोचते त्या दिवशी घरातली बाकीची कामे थांबतात. टाके, ड्रम, बादल्या, शेवटी स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा भरतात. हे पाणी किती लागेल, हे कुणीतरी कधीकाळी कागदावर मांडलेले असते. तो हिशेब साधा दिसतो: माणसे गुणिले माणशी लिटर. त्यातली दुसरी संख्या पुस्तकात मिळते. पहिली आजवर कुणालाच नीट मिळालेली नाही.

माणसे वाढतच जाणार, हे गृहीतक वऱ्हाडात तरी फार जुने नाही. 1891 साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे 29 लाख होती, 1901 साली ती साडेसत्तावीस लाखांवर आली. मधल्या दहा वर्षांत दोन दुष्काळ पडले होते. तेव्हा अमरावती 34 हजारांची आणि अकोला 29 हजारांचे गाव. कापसाच्या बाजारामुळे दोन्ही गावांत पैसा खेळत होता, पण पुढच्या तीस वर्षांची माणसे आजच मोजावीत असे त्या काळी कुणाला का वाटावे? गावाचा भरवसा विहिरींवर आणि तलावांवर होता. अमरावतीचे वडाळी आणि छत्री तलाव त्याच काळाचे. तलाव भरला की गावाची तहान भागली असे मानायचे, हाच हिशेब.

भाकिताची कल्पना बाहेरून आली. बेल्जियमच्या फेरहुल्स्टने 1838 मध्ये मांडले की लोकसंख्या आधी भरभर वाढते आणि पुढे जागा-अन्न कमी पडू लागले की मंदावते. त्याचा हा वक्र जवळजवळ विसरला गेला होता. 1920 मध्ये रेमंड पर्ल आणि लोवेल रीड या अमेरिकनांनी तो पुन्हा काढला. पर्ल फळमाश्या बाटलीत वाढवून मोजत असे, आणि माश्या खरोखरच वक्राप्रमाणे वागत. दोघांनी अमेरिकेची कमाल लोकसंख्याही सांगून टाकली, सुमारे 19 कोटी 70 लाख. 1960 चे दशक संपायच्या आत अमेरिकेने ती ओलांडली.

तरीही तो वक्र इंजिनिअरिंगच्या पुस्तकात टिकला. त्याच्या शेजारी अंकगणिती वाढ, भूमितीय वाढ, वाढीतल्या वाढीची पद्धत अशी सगळी भावंडे आहेत. पाणीपुरवठा योजना बहुधा 30 वर्षांसाठी आखतात, पंप 15 वर्षांसाठी. म्हणजे मागच्या तीन-चार जनगणनांवरून पुढची तीन दशके ओढायची.

अकोल्यावर ती ओढून बघू. 1981 साली शहर सव्वादोन लाखांचे, 1991 साली 3.28 लाख, 2001 साली 4 लाख. एवढ्यावरून 2011 काढायचे. भूमितीय पद्धत सव्वापाच लाखांच्या वर नेते, अंकगणिती 4.88 लाख सांगते. वाढ मंदावते आहे हे ध्यानात घेणारी वाढीतल्या वाढीची पद्धत 4.57 लाखांवर थांबते. प्रत्यक्षात मोजणी झाली तेव्हा आकडा निघाला 4.26 लाख. तिन्ही पद्धती चुकल्या, आणि तिन्ही एकाच बाजूला चुकल्या.

मला इथे गणिताची नाही, नकाशाची चूक दिसते. अकोला वाढत नव्हते असे नाही. ते उमरीत, मलकापुरात, शिवणीत, खडकीत, गुडधीत वाढत होते. प्लॉट स्वस्त, हद्दीबाहेरचा कर कमी, नोकरी मात्र शहरात. 2016 मध्ये अशी 24 गावे महापालिकेत घेतली आणि शहराचे क्षेत्रफळ चौपटीच्या वर गेले. अंदाजापेक्षा ‘कमी’ भरलेले शहर एका अधिसूचनेने एकदम मोठे झाले. बाटलीला बूच असते, म्हणून माश्या वक्राचे ऐकतात. शहराची बाटली शासन रुंद करते, आणि कधी करील हे कोणत्याही सूत्रात बसत नाही. अमरावतीनेही 1983 मध्ये बडनेऱ्याला पोटात घेऊनच महानगरपालिका केली होती.

हद्द सरकली की दुसरी संख्या, म्हणजे माणशी लिटर, तीही सरकते, याकडे कमी लक्ष जाते. ग्रामीण नळयोजनेत सध्या माणशी रोज 55 लिटर धरतात. भुयारी गटार असलेल्या शहराला 135, गटार नसेल तर 70. म्हणजे घर तेच, माणसे तीच, तरी कागदावरची तहान दुपटीहून जास्त वाढू शकते. अमरावतीच्या 2011 च्या 6.47 लाख लोकांना 135 ने गुणले तर दिवसाला 8.7 कोटी लिटर होतात. वाटेत 15 टक्के हरवतील असे धरले की सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणातून 10 कोटींच्या वर उचलायला हवे. विद्यापीठासाठी खोल्या करून राहणारी मुले, दवाखान्यासाठी आलेले मेळघाटातले लोक, हे या गुणाकारात अर्धवटच येतात.

आणि 135 लिटर ही तरी गरज आहे का? जिथे चार-पाच दिवसांनी नळ येतो तिथे लोक साठवतात, आणि नवे पाणी आले की शिळे म्हणून जुने ओतून देतात. टिल्लू पंप लावणाऱ्याच्या घरी 135 पेक्षा कितीतरी जास्त जाते, गल्लीच्या टोकाच्या घरी 40 सुद्धा नाही. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात तर विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे योजना बंद पडली की दुसरा आसराच नसतो. सरासरीने हे सगळे झाकले जाते.

म्हणून माझे मत असे की एकच भलामोठा आकडा धरून 30 वर्षांची जलवाहिनी टाकण्यापेक्षा टप्पे पाडावेत. कमी-जास्त असे दोन आकडे ठेवावेत, आणि हद्दीबाहेरची गावे आधीपासून शहराच्या हिशेबात धरावीत. दर जनगणनेला आराखडा पुन्हा उघडून बघावा.

अडचण एवढीच की 2021 ची जनगणना झाली नाही. आता पुढच्या जनगणनेसाठी 1 मार्च 2027 ही संदर्भ तारीख ठरली आहे. तोपर्यंत अकोल्याच्या आणि अमरावतीच्या प्रत्येक नव्या आराखड्याचा पाया 2011 चाच आकडा आहे. त्या वर्षी जन्मलेली पोरे तेव्हा दहावीच्या आसपास असतील.