हँडल कोणी फिरवलं? (गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६)



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक १३ ते १६.

थोडक्यात अर्थ : भगवान अर्जुनाला सांगतात की कुठलंही कर्म पूर्ण व्हायला पाच कारणं लागतात. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणं, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवं दैव. माणूस शरीराने, वाणीने किंवा मनाने जे काही करतो, योग्य असो की अयोग्य, त्याच्यामागे ही पाच असतातच. आणि असं असूनही जो 'हे एकट्या माझ्यामुळे झालं' असं मानतो, त्याला खरं दिसत नाही.

वाचताना हे जरा कोरडं वाटतं ना? पाच पारिभाषिक शब्द, एखाद्या यादीसारखे. म्हणून आज हे श्लोक आपण एका खेळाच्या मदतीने समजून घेऊ. खेळाचं नाव 'माऊस ट्रॅप', म्हणजे उंदराचा सापळा.

आधी खेळ काय आहे ते

हा बोर्ड गेम अमेरिकेत १९६३ साली 'आयडियल' या खेळणी बनवणाऱ्या कंपनीने बाजारात आणला. त्याची कल्पना रूब गोल्डबर्ग या व्यंगचित्रकाराच्या चित्रांवरून सुचलेली. गोल्डबर्ग इंजिनिअरिंग शिकला होता, पण नाव कमावलं ते अतिशय गुंतागुंतीची आणि तद्दन निरुपयोगी यंत्रं काढून. साधे ओठ पुसायचे, तर त्यासाठी चमचा, दोरी, पोपट, घड्याळ असं सगळं कामाला लागायचं!

खेळात प्रत्येकाचा एक छोटा उंदीर असतो. फासा टाकत, घरं मोजत उंदीर पुढे न्यायचे आणि वाटेत सगळ्यांनी मिळून सापळ्याचा एकेक तुकडा जोडत जायचा. सापळा पूर्ण झाला की मात्र प्रत्येक जण दुसऱ्याचा उंदीर पकडायला बघतो. हँडल फिरवलं की दातेरी चाकं फिरतात, त्यांच्या धक्क्याने एक बूट बादलीला लाथ मारतो, बादलीतली गोळी वाकड्यातिकड्या जिन्यावरून घरंगळत पन्हळीत जाते आणि एका उभ्या दांडीवर आपटते. वर ठेवलेला दुसरा गोळा त्यामुळे खाली पडतो, तो बाथटबमधून निसटून एका फळीवर आदळतो, फळीच्या दुसऱ्या टोकावरचा माणूस कोलांटी मारून टबात पडतो, आणि त्या हादऱ्याने खांबावरचा पिंजरा खडखडत उंदरावर उतरतो.

म्हणजे, उतरला तर! कारण हा पिंजरा मधेच खांबावर अडकतो. गोळी वळणावर बाहेर पडते. तो टबातला माणूस भलतीकडे उडी मारतो. हा खेळ खेळलेल्या कोणालाही विचारा.

न्यू जर्सीत एडिसनला माझी मावसबहीण राहते. तिच्या मुलांचा हा लाडका खेळ. गेल्या उन्हाळ्यात मावशी तिकडे होती, तेव्हा व्हिडिओ कॉलवर मी एक डाव बघितला. पिंजरा बरोबर पडला आणि सहा वर्षांचा धाकटा नाचायलाच लागला, "मी पकडला! मी हँडल फिरवलं!" मोठी म्हणाली, "पण सगळं जोडलं मी." दोघांची जुंपली. मावशी शांतपणे म्हणाली, "आणि मघापासून टेबल हलू नये म्हणून धरून कोण बसलंय रे?"

मंडळी, मावशीने गीतेवर भाष्य केलं की हो!

आता पाच कारणं

*अधिष्ठान.* मावशीने धरलेलं ते टेबल. ज्याच्यावर बाकी सगळं उभं राहतं ते. शंकराचार्य आणि ज्ञानेश्वर माऊली दोघेही इथे अधिष्ठान म्हणजे आपला देह असं सांगतात. टेबल डुगडुगत असेल, तर वरचा सापळा कितीही छान जोडा, गोळी उतरणार नाही.

*कर्ता.* हँडल फिरवणारा. 'मी करतो' असं म्हणणारा जीव. लक्षात घ्या, भगवंतांनी कर्त्याला यादीतून काढलेलं नाही. फक्त पाचातला एक म्हणून बसवलंय.

*करण.* साधनं. आपला 'उपकरण' हा शब्द याच कुळातला. खेळात बूट, बादली, पन्हळ. आपल्या बाबतीत डोळे, कान, हात, मन, बुद्धी.

*चेष्टा.* मराठीत चेष्टा म्हणजे थट्टा, पण इथे संस्कृतातला अर्थ घ्यायचा, हालचाल. आणि गीता 'निरनिराळ्या' असं मुद्दाम म्हणते. बुटाची हालचाल वेगळी, गोळीची वेगळी, उडी मारणाऱ्याची वेगळी. एकीने दुसरीला पोचायचं असतं.

*दैव.* आता इथे जरा थांबू या.

दैव म्हटलं की आपल्या डोक्यात लगेच 'नशीब' येतं. खेळात शोधायला गेलं तर आपण फाशाकडे बोट दाखवू. पण शंकराचार्यांचं भाष्य बघा. ते दैव म्हणजे इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या सूर्यादी देवता असा अर्थ देतात. डोळा कितीही चांगला असो, उजेडच नसेल तर दिसणार काय? तो उजेड डोळ्याने तयार केलेला नाही. आयता मिळालेला आहे. रामानुजाचार्य तर याही पुढे जाऊन दैव म्हणजे अंतर्यामी परमात्माच असं सांगतात.

मग 'माऊस ट्रॅप'मध्ये दैव कोणतं? गुरुत्वाकर्षण! डब्यात चाकं आहेत, बूट आहे, गोळ्या आहेत, पिंजरा आहे. पण गोळीला खाली ओढणारी आणि पिंजरा उतरवणारी शक्ती डब्यात नाही. सुट्या भागांच्या यादीत तिचं नाव नाही, तिचे पैसेही कोणी मोजलेले नाहीत. ती नसती तर हँडल फिरवून फार तर बादली हलली असती. आणि ती आहे हे खेळताना कोणाच्या मनातसुद्धा येत नाही.

मला वाटतं, आजच्या वाचनाचं मर्म इथे आहे. आपण दैवाचं नाव काढतो ते फक्त काहीतरी बिघडल्यावर. जेव्हा सगळं सुरळीत चालतं, तेव्हा ते दैव नसतं, तेव्हा ते 'मी' असतं. खरं तर श्वास चालू आहे, सकाळी जाग आली, शिकवणारं कोणी भेटलं, ऐनवेळी कोणीतरी फोन उचलला, हे सगळं त्या न मागता मिळालेल्या उजेडासारखंच आहे.

पिंजरा अडकतो तेव्हा

माझा एक मित्र सीए फायनलला तिसऱ्यांदा बसला आणि तिसऱ्यांदा राहिला. निकालाच्या रात्री म्हणाला, "माझ्यातच काहीतरी कमी आहे. मी हे करूच शकत नाही." घरच्यांनी त्याची समजूत घातली, "जाऊ दे, नशिबात नव्हतं."

दोन्ही वाक्यं प्रेमाची आणि दुःखाची आहेत. पण श्लोक १४ समोर ठेवला तर दोन्ही अपुरी आहेत. एकाने पाचही कारणं कर्त्यावर टाकली, दुसऱ्याने पाचही दैवावर. मधली तीन बघितलीच नाहीत.

चार-पाच दिवसांनी आम्ही बसून ती बघितली. अधिष्ठान : वडिलांच्या आजारपणात तीन महिने रात्री हॉस्पिटलमध्ये, झोप चार तास. टेबलच डुगडुगत होतं. करण : एका विषयाच्या नोट्स जुन्याच वापरल्या होत्या. चेष्टा : वाचन भरपूर, पण वेळ लावून पेपर सोडवणं जवळपास नाही. म्हणजे गोळी जिन्यावरून खाली आली, पुढच्या दांडीवर आपटलीच नाही. आणि दैव? वडील बरे होऊन घरी आले होते. हे बोलताना त्याचा आवाज बदलला. तोपर्यंत त्याने ते हिशेबात धरलंच नव्हतं.

पुढचा निकाल अजून लागायचा आहे. काय लागेल ते देव जाणे. पण 'मी नालायक आहे' हे ओझं त्या संध्याकाळी उतरलं आणि त्याच्या जागी तीन करण्यासारखी कामं आली.

पिंजरा खांबावर अडकला, तर शहाणं मूल गुरुत्वाकर्षणाला दोष देत नाही. खांब सरळ करतं, पिंजरा नीट बसवतं आणि पुन्हा हँडल धरतं. 'दैवच वाईट' म्हणण्याआधी आपण एवढं तरी करतो का?

मग माझी जबाबदारी काय?

कोणी म्हणेल, पाचातला एक पाचवा हिस्सा माझा, मग चूक झाली तरी पाचवा हिस्साच का? नाही हं. चाकं स्वतःहून फिरत नाहीत. बूट उठून लाथ मारत नाही. सगळा सापळा तयार असतो आणि एका हाताची वाट बघत असतो. तो हात कोणाला पकडायला पुढे करायचा, कधी करायचा, की करायचाच नाही, हे कर्त्याकडेच आहे.

याच अध्यायात श्लोक ६१ मध्ये भगवान म्हणतात की ईश्वर सर्वांच्या हृदयात राहून सर्व भूतांना फिरवतो, जणू ती यंत्रावर बसवलेली आहेत. हा श्लोक एकटाच वाचला तर वाटेल, चला, आपण कळसूत्री बाहुल्या! पण पुढे वाचा. श्लोक ६२ मध्ये त्यालाच शरण जा असं सांगतात आणि श्लोक ६३ मध्ये, या सगळ्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला वाटेल तसं कर, असं म्हणतात. ज्याने यंत्र दाखवलं, त्यानेच दोन श्लोकांनंतर हँडल अर्जुनाच्या हातात दिलं. मधे आहे ती फक्त शरणागती. म्हणजे हात आपला, पण हे सगळं फिरवणारा कोण आहे हे ठाऊक असलेला हात.

अप्रेझलमध्ये वाहवा झाली, प्रोजेक्ट वेळेत गेला, की ते आठवायचं. आपण शेवटचं हँडल फिरवलेलं असतं. टेबल धरून बसलेलं माणूस बहुतेक वेळा फोटोत नसतं. घरी डबा भरून देणारी आई असेल, रात्री सर्व्हर सांभाळणारा सहकारी असेल, ऑफिस पहाटे झाडून जाणाऱ्या मावशी असतील.

आजचा छोटा संकल्प

आज रात्री झोपण्याआधी दिवसातली एकच गोष्ट घ्या, जमलेली किंवा फसलेली, कुठलीही चालेल. पाच बोटांवर पाच कारणं मोजा. शरीर कसं होतं? मी काय ठरवलं? साधनं कोणती होती? कोणती हालचाल पुढे पोचली, कोणती अडली? आणि न मागता काय मिळालं? पाचव्या बोटाशी आलात की हात आपोआप जोडले जातील.

देवा, जे जमलं त्यात तुझा आणि इतरांचा वाटा दिसू दे. जे फसलं त्यात माझी दुरुस्ती दिसू दे. आणि उद्या हँडलवर हात ठेवताना बुद्धी जागी राहू दे.

राम कृष्ण हरी!