इंका म्हणताना

आरामात बसा. वही-पेन बाजूला राहू द्या, आज पाठांतर नाही. रुआंडाच्या लोकांच्या भाषेतली, किन्यारवांडातली, जनावरांची थोडी नावं घ्यायची आहेत आणि प्रत्येक नावापाशी जमेल तितकं रेंगाळायचं आहे.

आधी तोंड तयार करू. 'म्हैस' म्हणा. हळू. ओठ मिटतात, 'म' सुरू होतो आणि तो संपायच्या आत ऊबदार श्वास बाहेर पडतो. आता 'न्हाणं' म्हणा. हा श्वास मराठी माणसाला कुणी शिकवावा लागत नाही, आणि किन्यारवांडात शिरायला तो फार उपयोगी पडतो. तिथे मेंढीला लिहायचं 'इंतामा'. बोलताना मात्र 'त' विरून जातो आणि कानावर पडतं 'इन्हामा'सारखं काहीतरी. इम्पाला हरणाचं तसंच 'इम्हाला' होतं. म्हणजे नावाच्या मध्यावरच श्वास सोडायचा असतो. सोडा.

इंतामा. पुन्हा एकदा. मेंढी दिसली नाही तरी चालेल, श्वास जाणवला की पुरे.

आता इंका. गाय. इथेही 'क' जवळजवळ ऐकू येत नाही, घशाच्या वरच्या बाजूने नाकात एक हुंकार तेवढा उमटतो. हा शब्द आपण लवकर सोडणार नाही, कारण रुआंडातही तो कुणी लवकर सोडत नाही. तिथला जुना नमस्कार आहे 'अमाश्यो', तुझ्याकडे कळप असोत. त्याला उत्तर येतं 'अमाशोंगोरे', गाईंचे कळप असोत, बैलांचे नव्हेत. शुभेच्छेतसुद्धा दुधाचा हिशोब पक्का.

डोळे मिटा आणि एक गाय समोर आणा. गडद तपकिरी, मान उंच, शिंगं इतकी लांब की डोकं हलवताना ती आधी बाजूची जागा बघत असावी. ही इन्याम्बो, राजाच्या खिल्लारातली जात. दक्षिणेकडच्या न्यांझा गावात राजवाड्याच्या संग्रहालयापाशी त्या आजही पाळल्या जातात, आणि त्यांचे राखणदार त्यांना गाणी म्हणून दाखवतात. दरबारी कवितेचा एक अख्खा प्रकार या गाईंसाठी होता. त्याचं नाव 'अमाझिना य'इंका', म्हणजे सरळ 'गाईंची नावं'. एकेका गाईवर स्तुतिकवन रचायचं, आणि त्यात तिला एखाद्या योद्ध्याचा थाट द्यायचा. अलेक्सिस कागामे (1912–1981) या धर्मगुरू-विद्वानाने हा दरबारी ठेवा जमवून लिहून ठेवला. आपल्या गोठ्यातही तांबू असते, कपिला असते. पण गाईच्या पराक्रमावर दरबारात कवी उभा राहतो, हे जरा चाखत बसावं असं आहे. तिथल्या बायका नाचताना दोन्ही हात वर वळवून धरतात, तीही याच गाईची शिंगं.

आता शब्दाकडे या. गाय एक असो वा शंभर, इंका बदलत नाही. बदलतो तो मागून येणारा शब्द. माझी गाय, इंका यांज्ये. माझ्या गाई, इंका झांज्ये. मनातल्या एका गाईला धरून 'यांज्ये' म्हणा. मग नुसता 'या'चा 'झा' करा, आणि टेकडीच्या उतारावर तिच्यामागे बाकीच्या येऊ द्या. किती आल्या, मोजू नका.

या कळपाखाली सावलीही आहे, ती टाळून पुढे जाणं बरं नाही. गाय देऊन माणूस बांधून घेण्याची 'उबुहाके' नावाची पद्धत तिथे होती. धनी गाय वापरायला द्यायचा, घेणारा त्याची चाकरी करायचा. ती 1954 मध्ये रद्द झाली. 2006 पासून सरकारची 'गिरिंका' योजना आहे. गरीब कुटुंबाला एक गाय मिळते आणि तिची पहिली कालवड शेजारच्या गरजू घरी जाते. शब्द तोच, दावं वेगळं.

घोडा इफाराशी, उंट इंगामिया, जिराफ ट्विगा. ही मंडळी स्वाहिलीतून आली, त्यांच्यापाशी फार थांबायला नको. जिराफ तर अकागेरा राष्ट्रीय उद्यानात 1986 मध्ये केनियातून आणून सोडले. पाहुण्याने स्वतःचं नाव सोबत आणावं, हे रीतीचंच झालं.

इंतारे. सिंह. श्वास इथेही आहे, मेंढीच्या नावात होता तोच. 1994 च्या नरसंहारानंतर निर्वासित आपली गुरं घेऊन परतले, अकागेराचा मोठा भाग वस्तीला गेला, आणि गुरांवर पडणारे सिंह विष घालून मारले गेले. 2015 मध्ये दक्षिण आफ्रिकेतून सात सिंह आणले, तोवर रानात सिंह नव्हता. मधल्या वर्षांत जन्मलेलं पोर शाळेत इंतारे शिकलं असेल, फळ्यावरचं चित्र बघून. असा शब्द तोंडात धरून पाहा, ज्याच्यामागे गावच्या रानात कुणीच उभं नाही.

इंगागी. गोरिला. यात श्वास सुटत नाही, दोन्ही 'ग' भरीव. विरुंगा ज्वालामुखींच्या पायथ्याशी किनिगी इथे 2005 पासून सरकार गोरिलांच्या पिल्लांचं बारसं करतं. त्याला 'क्विता इझिना' म्हणतात, नाव ठेवणं. माणसाच्या बाळाचा हा जुनाच विधी. पूर्वी बाळ आठ दिवसांचं झालं की आळीतली पोरं जेवायला बोलवत आणि नावं त्यांनाच सुचवायला लावत. मला गोरिलांच्या सोहळ्यातला पाहुण्यांचा झगमगाट रुचत नाही. पण नाव मिळालेल्या पिल्लाची नोंद होते, नाकावरच्या सुरकुत्यांवरून त्याला ओळखतात, आणि ते दिसेनासं झालं तर कोण दिसत नाही हे सांगता येतं.

पुढचं नाव मोठ्याने म्हणू नका. इन्येंझी. झुरळ. डोळे उघडे ठेवून नुसतं वाचा. साठच्या दशकात सीमेपलीकडून रात्री चाल करून येणाऱ्या, रुआंडातल्या तुत्सी समाजाच्या बंडखोरांना हा शब्द चिकटला. 1993 मध्ये सुरू झालेल्या आरटीएलएम रेडिओने तो साऱ्या तुत्सींवर टाकला, शेजाऱ्यांवर, शिक्षिकांवर, तान्ह्या मुलांवर. 7 एप्रिल 1994 पासून सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांहून अधिक माणसं मारली गेली, असा सर्वसाधारण अंदाज आहे. आरुशाच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने 2003 मध्ये त्या रेडिओच्या संस्थापकांना दोषी ठरवलं. किन्यारवांडातली जनावरं शिकणाऱ्याला झुरळापाशी पोचावंच लागतं. यादीतून ते वगळलं तर बाकीची नावंही आपण कानाआड करूनच ऐकतो.

इथे हवा तेवढा वेळ घ्या.

त्याच टेकड्यांवर माणसाला जनावराचं नाव जोडण्याची आणखी एक रीत आहे, फार जुनी, आपल्याकडच्या देवकासारखी. अबान्यिगिन्या कुळाचा उमुसांबी, तुऱ्याचा क्रौंच. अबेगांचा इगिकेरी, बेडूक. अबाझिगाबांचा इंग्वे, बिबट्या. आणि या एकेका कुळात हुतू, तुत्सी, त्वा हे तिथले तिन्ही समाज आहेत. एकाच बेडकाचे नातेवाईक.

अबागेसेरा कुळाचा पक्षी इन्यामांझा, धोबी. तिथला धोबी काळापांढरा. त्याचा पांढरा भाऊबंद हिवाळ्यात आपल्याकडे मैदानांवर, तळ्याकाठी शेपटी वरखाली करत पळताना दिसतो, तेव्हा हा शब्द घोकायला रुआंडाला जायची गरज नाही. 'झा' नीट जमला की पुढे 'इन्योनी' घ्या, म्हणजे कुठलाही पक्षी. त्याला 'अका' लावलं की तो लहान होतो, अकान्योनी. अनेक लहान असतील तर उतुन्योनी. चिमण्यांचा थवा उतरेल तेव्हा हे लागेल.