सोबत आणि विचारपूस

हल्ली लग्नाच्या पंगतीतही ‘कॉर्टिसोल’, म्हणजे ताणाचं संप्रेरक, हा शब्द कानावर पडतो. मनगटावरचं घड्याळ ताण किती ते सांगतं, आणि नातेसंबंधांवरचा प्रत्येक परिसंवाद एकाच उपायावर येऊन थांबतो: बोला. मन मोकळं करा, एकमेकांना विचारा, साठवून ठेवू नका. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांना मी सोडून देतो. त्या घरांत सुनांची छाती किती धडधडायची याची नोंद कोणी ठेवली? ‘स्वतःवर काम करा’वाले निदान दुसऱ्याच्या मागे लागत नाहीत. ‘बोला’वाल्यांशी मात्र माझं भांडण आहे.

कॅनन यांचं ‘लढा किंवा पळा’ आणि सेल्ये यांचा १९३६चा ताणाचा शोध आता सर्वांना पाठ आहे. त्या चित्रातलं जनावर एकटं होतं. पुढच्या संशोधकांनी त्याच्या शेजारी कोणीतरी आणून बसवलं, इथवर ‘बोला’वाले आणि मी बरोबर आहोत. पण शेजारच्याने करायचं काय?

२००६ साली जेम्स कोन आणि सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांना मेंदूची प्रतिमा घेणाऱ्या यंत्रात झोपवलं. पायाच्या घोट्याला विजेचा सौम्य झटका बसू शकतो, अशी सूचना अधूनमधून मिळायची. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ सर्वांत कमी झाली, अनोळखी हाताने थोडी. संसार जितका सुखाचा, तितका नवऱ्याच्या हाताचा गुण अधिक. म्हणजे कोणीही चालतं असं नाही, हे मी मान्य करतो. पण नवऱ्यांनी तिथे समुपदेशन केलं नव्हतं. हात धरला होता.

आता उलटा दाखला. १९९५मध्ये क्लेमेन्स किर्शबाउम यांच्या गटाने लोकांना परक्यांसमोर भाषण करायला लावलं. तयारीच्या वेळी मदतीला जोडीदार होता. पुरुषांचं कॉर्टिसोल कमी चढलं. स्त्रियांचं मात्र जोडीदाराच्या मदतीने काहीसं वाढण्याकडेच झुकलं. ज्याच्यासमोर उणं दिसायचं नाही तोच धीर द्यायला बसला, की परीक्षा एकाच्या दोन होतात. नायल बोल्जर यांनी न्यूयॉर्कच्या वकिली परीक्षेला बसणाऱ्यांच्या आणि त्यांच्या जोडीदारांच्या रोजच्या नोंदी तपासल्या (२०००). देणाऱ्याने दिला पण घेणाऱ्याच्या लक्षातच आला नाही, असा आधार सर्वांत लागू पडला. तिथे संप्रेरक मोजलं नव्हतं, मनःस्थितीच नोंदली होती, हे खरं. तरी ‘बोला’वाल्यांना यावर उत्तर द्यावं लागेल. ते म्हणतील, न बोलणाऱ्या घरांचं काय? अबोला म्हणजे सोबत असं मी कुठे म्हणालो? अबोला हेही भांडणच असतं, आणि भांडणाने अंगावरची जखमसुद्धा सावकाश भरते, हे ओहायोच्या कीकोल्ट-ग्लेझर यांनी ४२ जोडप्यांवर दाखवलं आहे.

मराठीत या दोन गोष्टींना दोन शब्द आहेतच. विचारपूस आणि सोबत. विचारपुशीला उत्तर द्यावं लागतं, सोबतीला नाही. रात्री परसात जायचं तर आजी सहा वर्षांच्या मला ‘सोबतीला चल’ म्हणायची. साप निघाला असता तर मीच आधी किंचाळलो असतो. तरी माझ्यामुळे तिची भीती कमी व्हायची.

वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, बायपासनंतर इस्पितळात थोरला भाऊ दर अर्ध्या तासाने विचारायचा, “कसं वाटतंय आता? टेन्शन घेऊ नका हं.” अण्णा ‘बरं आहे’ म्हणायचे, पण तेवढं म्हणण्याआधी खरंच बरं आहे का, हे त्यांना आत डोकावून बघावं लागायचं. भावाची माया खोटी नव्हती. रात्री काका यायचे. स्टुलावर बसून मोसंबं सोलायचे, बिया डब्याच्या झाकणात जमवायचे, गावच्या विहिरीच्या वादातलं एखादं वाक्य बोलायचे आणि बसल्या बसल्या घोरू लागायचे. आधी काका झोपायचे, मग अण्णा.

त्या वॉर्डाच्या दारावर भेटायला येणाऱ्यांसाठी पाटी होती: ४ ते ६. काकांजवळ रात्रीचा पास असायचा.