पापणीचा दोष व पाहणाऱ्याची दृष्टि

एखाद्याची पापणी जन्मतः लोंबलेली असली, किंवा वयोमानानें जड झाली, तर शस्त्रक्रिया करून ती नीट करावी कीं नाहीं? हा प्रश्न आतां शहरापुरता राहिला नाहीं. नांदूरघाटासारख्या गांवींही मुलीची सोयरीक ठरवितांना तो उभा राहतो.

देवानें दिलेल्या शरीरास रूपासाठीं शस्त्र लावणें हा गर्व होय, असें कित्येक म्हणतात. इतकें सोपें उत्तर आम्हांस पटत नाहीं. १७९२ च्या युद्धांत टिपूच्या लोकांनीं इंग्रज फौजेकडील कावसजी नामक बैल हांकणाऱ्याचें नाक कापलें. पुढें पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीच्या एका कारागिरानें कपाळाची कातडी खालीं वळवून त्यास नवें नाक करून दिलें. ही हकीकत १७९४ सालीं लंडनच्या एका मासिकांत छापली गेली. नाकावांचून वर्षभर तो जगलाच होता. परंतु चारचौघांत तोंड दाखविणें त्यास परत मिळालें. त्या कारागिरास कोण दोष देईल?

तसेंच खुपऱ्यांचें. हा रोग आपल्या देशांत आतां सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न राहिला नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२४ सालीं मान्य केलें. तथापि त्यानें ज्यांची पापणी आंत वळली, त्यांचे केंस बुबुळास घासून दृष्टि जाते. तेथें शस्त्रक्रिया ही दयाच होय. लेंकराची पापणी बाहुलीवर उतरली असेल, तर विलंब करूं नये. झांकलेला डोळा पाहण्यास शिकत नाहीं. मग मोठेपणीं पापणी उचलून उपयोग थोडा.

केवळ रूपाकरितां करणें असेल, तर मात्र थांबून विचार करावा. जादा कातडी काढून बारीक टांके घालावयाचे, हें काम लहान दिसतें. पण कातडी अधिक निघाली तर डोळा पुरता मिटत नाहीं व कोरडा पडतो. क्वचित् आंत रक्तस्राव होऊन दृष्टीही जाते. प्रौढ मनुष्यानें हें समजून, कर्ज न काढतां, स्वतःच्या मनानें केलें, तर त्यास आम्ही पापी म्हणणार नाहीं. परंतु तरुण मुलीस 'झोपाळू' म्हणून हिणवावयाचें, पाहुण्यांनीं तिला नाकारावयाचें, आणि मग आईबापांनीं शेत गहाण टाकून तिला डॉक्टरकडे न्यावयाचें, हा कोणता न्याय? येथें दोष पाहणाऱ्यांच्या दृष्टींत आहे, आणि त्यावर शस्त्र चालत नाहीं.

म्हणून बंधुभगिनींनो, विशेषतः उपदेशकांनो, कोणी सल्ला मागावयास आलें तर दोन गोष्टी विचारा. ह्या पापणीनें पाहण्यास अडथळा होतो काय? आणि ही इच्छा तिची स्वतःची आहे, कीं आपण बोलून बोलून तिच्या मनांत घातली? पहिल्याचें उत्तर डोळ्यांच्या डॉक्टरानें द्यावें. दुसऱ्याचें उत्तर आपल्या मंडळीस द्यावयाचें आहे.