साडेबाराचा फोन

गेल्या गणपतीत रात्री साडेबाराला मी ११२ ला फोन लावला. बाबांची अँजिओप्लास्टी होऊन आठवडाच झाला होता, आणि खालच्या डीजेच्या बेसने त्यांच्या उशाजवळचा स्टीलचा पेला थरथरत होता. मोबाइलवरचं अ‍ॅप ९० डेसिबलच्या वर दाखवत होतं. (असलं अ‍ॅप कुठे पुरावा म्हणून चालणार नाही, हे मलाही कळतं.) २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ आहे. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद. सणासुदीला सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. पोलीस आले, डीजे थांबला. मी बरोबर होतो.

दिवाळीनंतर मावशीच्या गावी गेलो, वडसा-देसाईगंजच्या बाजूला. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम होता. नाटक दहानंतर सुरू झालं ते उजाडेपर्यंत. भोंगे गावाकडेच तोंड करून लावलेले. पहाटे तीनला एका प्रवेशाला मी चक्क रडलो. ११२ आठवलाही नाही.

नियमाच्या दृष्टीने दोन्ही रात्री सारख्याच. मग फरक काय? पहिलं उत्तर सुचलं: ती कला, हा गोंगाट. पण हे इयरफोनवाल्या माणसाचं उत्तर झालं. डीजेपुढे नाचणारी पोरंही त्या रात्रीची वर्षभर वाट बघतात. दुसरं उत्तर जरा बरं वाटलं: गावाने मिळून नाटक ठरवलेलं असतं, लेकी-जावई येतात, घरोघरी पाहुणे असतात. मला मात्र कुणी विचारलं नव्हतं. सकाळी कळलं, शेजारची बाळंतीण लेकरू घेऊन रात्रभर जागी होती. तिला विचारलं होतं का?

"वर्षातून एकदाच त होते नाटक, बाप्पा," मावशी म्हणाली. डीजेवालेही अगदी हेच म्हणाले असते.

चंद्रपूरला आवाज नवा नाही. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, तेलंगणातून लोक वाजतगाजत येतात. गोंड राजांच्या परकोटातल्या गल्ल्यांनी पिढ्यान्‌पिढ्या डफ ऐकले. पण डफ वाजवणाऱ्याचा खांदा कधीतरी दुखतो. अ‍ॅम्प्लिफायरला खांदाच नाही.

आणि आमच्याकडे एक तिसरा आवाज आहे. दुपारी कोळसा खाणीत सुरुंग उडतात, खिडक्यांची तावदानं वाजतात. त्याला सण लागत नाही, कुणाची परवानगीही विचारली जात नाही. त्याबद्दल मी एकदाही फोन केलेला नाही. बाबांनी ३० वर्षं खाणीत नोकरी केली, माझं इंजिनिअरिंग त्याच पगारावर झालं. लहानपणी तो आवाज आला की आई म्हणायची, चला, चहा ठेवते.

यंदा मंडळाची पोरं वर्गणीला आली. बाबांना त्या रात्री जिन्यावरून उचलून अँब्युलन्सपर्यंत नेलं होतं ते यांनीच. पावती घेताना मी विचारलं, स्पीकर आमच्या खिडकीकडून जरा वळवाल का?

"दादा, मागच्या वर्षीच सांगायचं ना," एक जण म्हणाला. "तेव्हाच वळवला असता. त्या रात्री कोणीतरी थेट पोलिसांनाच बोलावलं."

मी आत जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं.