सेवा आणि आवड

सेवा आवडीची निवडावी, की जेथे हात उणे तेथे करावी? आषाढीपूर्वी संत तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी या वाटेने इंदापुरास येते. आपला उपास्यविचार निराळा. तथापि ही वाट साधकास विचार करावयास लावते. पंगतीत वाढावयास हात पुष्कळ मिळतात; उष्ट्या पत्रावळी उचलावयास शोधावे लागतात. वाढणाऱ्यास नमस्कार लाभतो, उचलणाऱ्याकडे कोणी पाहत नाही. आवडीच्या सेवेत अभिमान लपतो तो असा. म्हणून नेमून दिलेले काम मुकाट्याने करणे हेच खरे दास्य. परंतु नेमणाऱ्यानेही प्रत्येकाचे बळ पाहावे, विसावा द्यावा आणि झाडूच्या कामापुढे पहिले नाव स्वतःचे लिहावे. श्रीचक्रधरस्वामींच्या मार्गात अहिंसा हा आचाराचा पाया आहे. सेवेच्या नावाने थकल्या देहास राबविणे हीही हिंसाच होय.